गोळी चालू आहे, दिवस गेलेत, पण बिडी-मिश्री सुटत नाही: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गर्द, अफू, कोडीनचं खोकल्याचं औषध, ट्रामाडॉल किंवा टॅपेंटाडॉलच्या गोळ्या यांचं व्यसन होतं, आता ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोनवर उपचार चालू आहेत आणि पोटात बाळ आहे, अशा नाशिक शहर-जिल्ह्यातल्या बायकांसाठी हे प्रश्न आहेत. त्यांचे नवरे, आई, सासू, आशाताई आणि जिथे हे उपचार मिळतात त्या केंद्रातल्या सिस्टर यांनीही वाचावेत. खाली 'गोळी' म्हटलं की जिभेखाली विरघळवायची ब्युप्रेनॉर्फिनची गोळी समजा. मेथाडोनचं वेगळं काही असेल तिथे तसं लिहिलं आहे.

गर्द सुटलं, हेच मोठं नाही का? बिडीच्या मागे आत्ताच कशाला लागायचं?

मोठंच आहे. गर्द सुटणं किती अवघड असतं हे ज्याने पाहिलंय त्याला ते वेगळं सांगावं लागत नाही. पण म्हणूनच "एका वेळी एकच" या समजुतीने बिडीचा विषय कुणी काढत नाही. केंद्रात गोळीची चौकशी रोज होते, लघवीची तपासणी होते, एचआयव्ही-कावीळ तपासली जाते आणि तंबाखू मात्र कागदावर एका टिकमार्कपुरता उरतो. नऊ महिने असेच निघून जातात.

बाहेरच्या देशांतल्या अभ्यासांत ओपिऑइडच्या (म्हणजे गर्द-अफूच्या जातीच्या पदार्थांच्या) व्यसनाच्या उपचारांवर असलेल्या गरोदर बायकांपैकी दहात आठ-नऊ जणी सिगारेट ओढताना आढळल्या आहेत. उपचारामुळे गर्द थांबतं, सुईचा धोका जातो, रोजची टर्की, म्हणजे नशा न मिळाल्याने अंगाला होणारा त्रास, थांबते. मग बाळाला दिवसाला पंधरा-वीस वेळा त्रास देणारी एकच गोष्ट मागे राहते, ती म्हणजे तंबाखू.

बाळाला जन्मल्यावर टर्की लागू नये म्हणून मी गोळी अर्धी करू का?

नको. हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि घरची माणसं याच बाबतीत सगळ्यात जास्त चुकीचा सल्ला देतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आईच्या गोळीचा डोस किती होता, यावरून बाळाला किती त्रास होईल हे ठरत नाही. जास्त डोस म्हणजे बाळाला जास्त टर्की, असा सरळ हिशोब अभ्यासांतून निघालेला नाही. तंबाखूचं मात्र तसं नाही. २०१० साली अमेरिका, कॅनडा आणि ऑस्ट्रियातल्या केंद्रांचा मिळून एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात आईला ब्युप्रेनॉर्फिन दिलेल्या बाळांना मेथाडोनवाल्या बाळांपेक्षा खूप कमी मॉर्फिन लागलं, सरासरी १.१ मिलिग्रॅम विरुद्ध १०.४ मिलिग्रॅम. रुग्णालयातला मुक्कामही १० दिवस विरुद्ध १७.५ दिवस असा कमी झाला. त्याच बायकांची माहिती पुढे पुन्हा तपासली तेव्हा दिसलं की आई जितकं जास्त ओढत होती तितकं बाळाला औषध जास्त लागलं, ते जास्त दिवस द्यावं लागलं आणि जन्माचं वजन कमी भरलं.

म्हणजे बाळाची टर्की कमी करायची असेल तर कमी करायची ती बिडी. गोळी कमी केली तर तुम्हालाच टर्की लागते, गर्भाशय आकुंचन पावू शकतं, वेळेआधी कळा येऊ शकतात आणि पुन्हा गर्दकडे वळण्याचा धोका वाढतो. उलट पाचव्या-सहाव्या महिन्यानंतर शरीरातलं पाणी आणि रक्त वाढतं, औषध लवकर बाहेर पडतं आणि पुष्कळ जणींना डोस वाढवावा लागतो किंवा दिवसातून दोनदा विभागून घ्यावा लागतो. त्यात अपराधी वाटण्यासारखं काही नाही.

बिडी बाळाला नेमकं काय करते?

दोन गोष्टी एकदम होतात. निकोटिनने वारेकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आवळतात आणि धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तात प्राणवायूची जागा अडवतो. तो हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो आणि बाळाच्या रक्तात त्याचं प्रमाण आईपेक्षाही जास्त असतं. रक्त कमी पोचतं आणि जे पोचतं त्यात प्राणवायू कमी असतो.

याचे परिणाम म्हणजे गर्भपात, वार खाली असणं, वार वेळेआधी सुटून रक्तस्राव होणं, वेळेआधी बाळंतपण, पोटात बाळ दगावणं. जन्माचं वजन साधारण १५० ते २५० ग्रॅमने कमी भरतं. पावणेतीन किलोच्या बाळाला हे कदाचित झेपेल. पण आईला रक्त कमी, जेवण अपुरं आणि आधीच दोन-सव्वादोन किलोचं बाळ असेल, तर तेवढ्या फरकाने ते काचेच्या पेटीत जातं.

बिडी सिगारेटपेक्षा 'साधी' हा गैरसमज आहे. तेंदूच्या पानातून हवा आत शिरत नाही, बिडी सारखी विझते, म्हणून ती लवकर लवकर आणि खोल ओढावी लागते. त्यामुळे तंबाखू कमी असूनही एका बिडीतून निकोटिन, डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड सिगारेटइतकं किंवा जास्त आत जातं.

मी ओढत नाही, फक्त सकाळ-संध्याकाळ मिश्री लावते. ती चालते ना?

चालत नाही. मिश्री म्हणजे तव्यावर काळा होईपर्यंत भाजून कुटलेला तंबाखूच. भाजल्याने निकोटिन जात नाही आणि हिरड्यांतून ते थेट रक्तात उतरतं. "दात दुखतात म्हणून लावते" असं म्हणणाऱ्या बाईला मिश्री न लावता दुपारपर्यंत राहून बघायला सांगा. डोकं जड झालं, चिडचिड झाली, तोंड कसंनुसं झालं तर ती निकोटिनची तलफ आहे.

आपल्याकडे बायकांच्या तंबाखूचा मोठा भाग हाच आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात भारतातल्या २ टक्के बायका धूम्रपान करणाऱ्या होत्या, तर बिनधुराचा तंबाखू वापरणाऱ्या १२.८ टक्के. मुंबईत १२१७ गरोदर बायकांचा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. त्यात मिश्रीसारखा बिनधुराचा तंबाखू वापरणाऱ्या बायकांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमने हलकी आणि सहा दिवस आधी जन्मलेली होती. त्यामुळे केंद्रात "ओढता का?" एवढंच विचारलं तर आपल्या निम्म्याहून जास्त बायका खरं उत्तर देऊनही निसटतात. सिस्टरनी मिश्री, चुना-तंबाखू, गुटखा, जर्दा-पान, तपकीर अशी नावं घेऊन विचारायला हवं.

तोंडात मिश्री किंवा तंबाखू असताना गोळी घेतली तर?

गोळीचा बराच भाग वाया जातो. ब्युप्रेनॉर्फिन जिभेखालच्या पातळ त्वचेतून शोषलं जातं, पोटात गेलेलं फारसं उपयोगी पडत नाही. तंबाखूने लाळ सुटते आणि लाळ सुटली की बाई सवयीने थुंकते. गोळी त्या थुंकीबरोबर जाते. मग दुपारी तीनलाच अंग मोडून येतं, डोस पुरत नाही असं वाटतं, डोस वाढवला जातो आणि खरं कारण कुणाच्या लक्षातच येत नाही.

नीट घ्यायची पद्धत अशी. गोळीआधी किमान अर्धा तास बिडी, मिश्री, तंबाखू काही नको. घोटभर पाण्याने चूळ भरा म्हणजे तोंड ओलं होईल. गोळी जिभेखाली ठेवा, पाच ते दहा मिनिटं बोलू नका, गिळू नका, थुंकू नका. पूर्ण विरघळली की पाण्याचा घोट तोंडात खुळखुळवून गिळून टाका. त्यानंतर एक तास दात घासू नका. या गोळीने तोंडात आम्लपणा वाढतो, दातांचं वरचं आवरण तेवढा वेळ मऊ असतं आणि त्यावर भरड मिश्री घासली तर दात झिजतात. दात झिजले की दुखतात आणि दुखतात म्हणून पुन्हा मिश्री लागते.

सकाळच्या उलट्या होत असतील तर घाबरू नका. गोळी पूर्ण विरघळल्यानंतर उलटी झाली तरी औषध आत गेलेलं असतं. मेथाडोन प्यायल्यावर लगेच उलटी झाली तर मात्र सिस्टरना तिथेच सांगा.

डोस घेतला की तासाभरात बिडीची तलफ जास्तच येते. असं का?

हे मनाचे खेळ नाहीत. ओपिऑइडच्या डोसनंतर धूम्रपान वाढतं, हे मेथाडोन आणि ब्युप्रेनॉर्फिन दोन्हींच्या बाबतीत दिसलेलं आहे. मेंदूत ही दोन्ही व्यसनं एकमेकांना हात देतात. त्यातून केंद्राबाहेरच्या टपरीवर डोसनंतर सगळ्यांनी मिळून चहा आणि बिडी घ्यायची सवय असते. म्हणून डोस घेतल्यानंतरचा तास रिकामा ठेवू नका. टपरीच्या दिशेने न जाता सरळ रिक्षा-बस धरा, सोबत कुणाला तरी आणा, पिशवीत फुटाणे-बडीशेप ठेवा. आणि ज्या वेळी टपरीवर गर्दी असते ती वेळ बदलून मिळते का, हे केंद्रात विचारा. साधीच गोष्ट आहे, पण पुष्कळ जणींची बिडी नेमकी इथेच पुन्हा सुरू होते.

ही तलफ तंबाखूची की टर्की लागलीय, हे कसं ओळखायचं?

नाक गळणं, सारख्या जांभया, डोळ्यांतून पाणी, अंगावर काटा, हाडं दुखणं, जुलाब, पोटात मुरडा आणि मोठ्या झालेल्या बाहुल्या, ही टर्की. म्हणजे डोस कमी पडतोय, केंद्रात सांगा.

चिडचिड, लक्ष न लागणं, सारखी भूक, झोपमोड, उगाच रडू येणं, तोंडात काहीतरी हवंसं वाटणं, ही निकोटिनची ओढ. ती दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असते आणि दोन ते चार आठवड्यांत ओसरते. अस्वस्थपणा आणि घाम दोन्हींत येतो, त्यामुळे फक्त त्यावरून ठरवू नका. हा फरक कळला नाही तर बाई तंबाखू सोडल्याच्या तिसऱ्या दिवशी "गोळी पुरत नाही" म्हणते, किंवा डोस खरंच कमी असताना तो बिडीने भागवत राहते.

दोन्ही एकदम सोडायला गेले तर पुन्हा गर्द ओढायला लागेन, अशी भीती वाटते.

भीती स्वाभाविक आहे, पण 'दोन्ही एकदम' असं काही करायचंच नाहीये. गोळी सोडायची नाही, ती बाळंतपणानंतरही चालू राहते. सोडायचा फक्त तंबाखू. तंबाखू सोडल्यामुळे ओपिऑइडचा उपचार ढासळतो, याला अभ्यासांचा आधार नाही. वेळ मात्र नीट निवडा. डोस बदलून आठवडा तरी झालेला असावा आणि अंग स्थिर असावं. ज्या आठवड्यात डोस बदलतोय त्याच आठवड्यात बिडी सोडू नका, नाहीतर कुठला त्रास कशाचा हे कुणालाच सांगता येणार नाही.

वीसवरून पाचवर आले आहे. तेवढं पुरे नाही का?

वीसवरून पाचवर येणं सोपं नाही, आणि त्यावरून हेच दिसतं की तुम्हाला शून्यावरही येता येईल. पण बिड्या कमी झाल्या की माणूस उरलेली प्रत्येक बिडी नकळत जास्त खोल आणि शेवटपर्यंत ओढतो. त्यामुळे मोजणीत पाऊण कमी झालेलं नुकसान शरीरात तितकं कमी झालेलं नसतं. शिवाय उरतात त्या पाच सगळ्यात चिवट असतात, म्हणजे उठल्या उठल्याची, चहाबरोबरची, जेवणानंतरची, भांडणानंतरची आणि डोसनंतरची. पाचवर महिना काढण्यापेक्षा आठ-दहा दिवसांत तारीख ठरवून शून्यावर या.

सोडायचं ठरवलं. सुरुवात कशी करू?

पहिले तीन दिवस फक्त लिहा. कुठली बिडी किती वाजता, कशानंतर. लिहिता येत नसेल तर दिवसाला एक कागद, एका बिडीला एक रेघ, आणि चहाबरोबरच्या रेघेला गोल. उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत पहिली लागत असेल तर व्यसन पक्कं आहे आणि नुसत्या निर्धारावर राहू नका, पुढे दिलेल्या निकोटिन गमबद्दल डॉक्टरांशी बोला.

मग तारीख ठरवा. आदल्या रात्री घरातल्या बिड्या, काडेपेटीचा सुटा साठा, मिश्रीची डबी, चुन्याची डबी सगळं बाहेर. "डबी राहू दे, लावणार नाही" हे पहिल्याच संध्याकाळी मोडतं. मिश्रीच्या जागी मऊ ब्रश आणि साधी टूथपेस्ट आणा. तंबाखू असलेलं लाल दंतमंजन नको, डबीवरचं वाचून घ्या.

तलफ आली की ती साधारण तीन-पाच मिनिटं जोरात असते, मग उतरते. तेवढा वेळ काढायचा आहे. उभं राहून गार पाणी हळूहळू प्या, लवंग किंवा वेलदोडा तोंडात ठेवा, हाताला काम द्या, कुणाला तरी फोन करा. चहा कमी करा. तंबाखूच्या धुराने शरीर चहा-कॉफीतलं कॅफिन लवकर बाहेर टाकतं. धूर बंद झाला की तोच कप जास्त चढतो, छाती धडधडते, झोप उडते आणि बाई म्हणते, बिडी सोडल्याने बिघडलं. दिवसाला सहा कप असतील तर दोन-तीनवर या.

पोट साफ न होण्याची तक्रार हमखास येणार. गोळीने बद्धकोष्ठता होते, लोहाच्या गोळीने होते आणि तंबाखू सोडल्यानेही होते. तिन्ही एकदम आल्यावर बाई सकाळच्या बिडीकडे वळते, कारण बिडीशिवाय पोट साफ होत नाही अशी तिची खात्री असते. आधीच तयारीत राहा. भरपूर पाणी, पालेभाजी, भाकरी, रात्री कोमट पाण्यातून इसबगोल. तरी नाही जमलं तर डॉक्टरांकडून औषध घ्या. लोहाची गोळी मात्र बंद करू नका.

निकोटिनचा गम किंवा पॅच गरोदरपणात चालतो का?

आधी समुपदेशनाने प्रयत्न करायचा. त्याने जमत नसेल तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली वापरता येतो. निकोटिन बाळासाठी चांगलं नाही, पण गममध्ये धूर नसतो, म्हणजे कार्बन मोनॉक्साइड आणि बाकीची हजारो रसायनं नसतात. बिडी चालू ठेवून गम चघळणं मात्र व्यर्थ आहे.

आपल्याकडे गम २ आणि ४ मिलिग्रॅमचे मिळतात. पान-तंबाखूसारखं सलग चावत राहिलं तर रस पोटात जातो, उचकी लागते, मळमळतं आणि "मला सोसत नाही" म्हणून बाई तो टाकून देते. पद्धत अशी की दहा-बारा वेळा चावा, झिणझिण्या आल्या की गाल आणि हिरडीच्या मध्ये दाबून ठेवा, झिणझिण्या गेल्या की पुन्हा चावा. एक गम साधारण अर्धा तास पुरतो. आधीची पंधरा मिनिटं आणि गम तोंडात असताना चहा, लिंबूपाणी, ताक काही नको, आंबट तोंडात निकोटिन शोषलं जात नाही. आणि जिभेखालच्या गोळीच्या वेळी गम नको, गोळीनंतर तासभर जाऊ द्या.

उलट्यांचा त्रास असेल तर पॅच बरा पडतो. तो गरोदरपणात रात्री झोपताना काढून ठेवायचा. गरोदरपणात शरीर निकोटिन नेहमीपेक्षा दीडपटीहून जास्त वेगाने बाहेर टाकतं, म्हणून कमी ताकदीचा पॅच पुरला नाही तर तसं सांगा. वेळेआधी हार मानू नका.

तंबाखू सोडायच्या गोळ्या, ई-सिगारेट, आयुर्वेदिक बिडी?

व्हॅरेनिक्लिन आणि बुप्रोपिऑन गरोदरपणात सहसा देत नाहीत. बुप्रोपिऑनने फिट येण्याचा धोका वाढतो, आणि चोरून ट्रामाडॉल चालू असेल तर तो आणखी वाढतो. ई-सिगारेटवर भारतात २०१९ पासून कायद्याने बंदी आहे. 'बिनतंबाखूची' वनौषधी बिडी जळते तेव्हा कार्बन मोनॉक्साइड तयार होतोच.

एक इशारा इथेच देतो. तंबाखू सोडताना झोप येत नाही म्हणून कुणी अल्प्राझोलामची गोळी देईल, मालेगावकडे तिला कुत्ता गोळी म्हणतात. ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोनवर ती घेतली तर श्वास मंदावून जीव जाऊ शकतो. झोपेचं डॉक्टरांनाच सांगा.

नवरा घरातच ओढतो. खिडकी उघडी ठेवली तर?

पुरत नाही. सातपूर-अंबडकडच्या दहा बाय दहाच्या खोलीत एका बिडीचा धूर तासन् तास राहतो आणि गोधडी-पडद्यांत मुरतो. नवऱ्याने दाराबाहेर, गॅलरीतही नाही, खाली उतरून ओढायची आणि आत आल्यावर हात-तोंड धुऊन शर्ट बदलायचा. त्याहून चांगलं म्हणजे दोघांनी एकाच तारखेला सोडायचं. नवरा ओढत राहिला तर बायकोची सुटलेली बिडी परत येण्याची शक्यता खूप वाढते, हे त्याला समोर बसवून सांगावं लागतं. तोही गोळीवर असेल तर केंद्रात दोघांना एकत्र बोलवा. घरात चूल असेल तर तिचा धूरही यात धरा.

मी सिन्नरला घरी बिड्या वळते. त्याने काही होतं का?

तंबाखूची धूळ नाकातोंडातून आणि निकोटिन ओल्या हातांच्या कातडीतून आत जातं. शक्य असेल तर बाळंतपण होईपर्यंत हे काम दुसऱ्याकडे द्या. पोटासाठी सोडता येत नसेल तर सूप आणि तंबाखू झोपायच्या खोलीत ठेवू नका, मोकळ्या हवेत वळा, नाका-तोंडाला पदर बांधा, जेवणाआधी साबणाने हात धुवा आणि कामाचं लुगडं वेगळं ठेवा. सुटलेल्या तलफेला समोरचं सूप हे रोजचं आमंत्रण असतं, हेही लक्षात घ्या.

सातवा महिना लागला. आता सोडून काय उपयोग?

आहे. पंधराव्या आठवड्याच्या आत सोडलं तर वेळेआधी बाळंतपण आणि कमी वाढ यांचा धोका कधीच न ओढणाऱ्या बाईइतका खाली येतो, हे खरं. पण बाळाचं वजन सगळ्यात जास्त शेवटच्या तीन महिन्यांत वाढतं, आणि कार्बन मोनॉक्साइड एक-दोन दिवसांत रक्तातून निघून जातो. आज सोडलं तर परवा बाळाला जास्त प्राणवायू मिळतो.

फुंकर मारून कार्बन मोनॉक्साइड मोजायचं छोटं यंत्र केंद्रात असेल तर जरूर वापरा. गरोदर बाईचा आकडा ४ पीपीएमच्या खाली असावा. पहिल्या दिवशी १४ आणि तिसऱ्या दिवशी २ बघितल्यावर बाईला जो धीर येतो तो कुठल्याही तक्त्याने येत नाही. मिश्रीवालीला मात्र या यंत्राचा उपयोग नाही.

बाळाची हालचाल कमी वाटते. तंबाखूमुळे की गोळीमुळे?

डोसनंतर काही तास बाळ शांत असू शकतं, मेथाडोनवर हे जास्त दिसतं. म्हणून हालचाल डोसच्या आधी किंवा संध्याकाळी जेवणानंतर डाव्या कुशीवर पडून मोजा. दोन तासांत दहा हालचाली झाल्या नाहीत तर वाट न बघता रुग्णालयात जा. रक्त जाणं, पोट दगडासारखं घट्ट होऊन न थांबणारं दुखणं किंवा पाणी जाणं यांपैकी काहीही झालं तर १०८ ला फोन करा. तंबाखू वापरणाऱ्या बाईत वार सुटण्याचा धोका जास्त असतो आणि तिथे एकेक मिनिट मोलाचं असतं.

डॉक्टरांना सगळं खरं सांगितलं तर पोलीस, बाळ काढून घेणं असं काही होईल का?

अमली पदार्थ कायद्याच्या कलम ६४-अ नुसार स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनी व्यक्तीला सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात खटल्यापासून संरक्षण आहे, मात्र उपचार पूर्ण करावे लागतात. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात दारू-अमली पदार्थांचे विकारही येतात. त्यात उपचाराची माहिती गोपनीय ठेवण्याचा हक्क आहे, आणि मानसिक आरोग्य संस्थेत दाखल असलेल्या आईपासून तीन वर्षांखालचं मूल सहसा वेगळं करू नये असंही म्हटलं आहे. तंबाखू वापरणं हा गुन्हा नाहीच. वॉर्डात कुणी टोचून बोलेल, तसं बोलणं चूकच आहे. पण माहिती लपवल्याचा धोका त्यापेक्षा मोठा आहे, तो पुढच्या उत्तरात आहे.

बाळंतपणाच्या वेळी काय सांगायचं?

माता-बाल संरक्षण कार्डाबरोबर एक चिठ्ठी ठेवा, केंद्रातल्या डॉक्टरांकडून लिहून आणि सही करून घ्या. गोळीचं नाव, डोस, शेवटचा डोस कधी घेतला, तंबाखू कुठला आणि किती, एवढं त्यात हवं. कळा चालू असतानाही गोळी चालू ठेवायची. आणि ठळक अक्षरांत लिहा की पेंटाझोसिन, ब्युटॉर्फॅनॉल, नॅलब्युफिन ही दुखण्याची इंजेक्शनं देऊ नयेत. पेंटाझोसिन आपल्याकडे सर्रास वापरलं जातं आणि गोळीवर असलेल्या बाईला त्याने टेबलावरच जोराची टर्की लागू शकते. तसंच जन्मलेल्या बाळाला नॅलॉक्सोन (ओपिऑइडचा परिणाम एकदम उतरवणारं औषध) देऊ नये, त्याने बाळाला फिट येऊ शकते.

बाळाला टर्की लागली तर कशी दिसते?

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कर्कश रडणं, थरथर, सारख्या शिंका-जांभया, दूध नीट न ओढणं, पातळ शी, झोप न लागणं. गर्द चालू असेल तर हे पहिल्या दिवशीच सुरू होतं. निकोटिनच्या ओढीनेही बाळ किरकिरं आणि थरथरतं होतं, दोन्ही एकत्र आलं की त्रास वाढतो. म्हणून चार ते सात दिवस रुग्णालयात राहावं लागतं. "बाळ बरं आहे" म्हणून दुसऱ्या दिवशी घरी जायचा हट्ट धरू नका.

उपचाराची सुरुवात औषधाने होत नाही. अंधारी शांत खोली, गुंडाळून छातीशी धरणं, थोडं थोडं सारखं दूध, आई जवळ. यावर भर देणाऱ्या पद्धतीचा अमेरिकेतला मोठा अभ्यास २०२३ साली आला. नेहमीच्या पद्धतीत ५२ टक्के बाळांना औषध लागलं होतं, या पद्धतीत १९.५ टक्क्यांना. आई दर तासाला बिडीसाठी खाली उतरत असेल तर ही पद्धत चालवणार कोण?

अंगावर पाजू का?

हो. गोळी किंवा मेथाडोन चालू असताना दूध पाजता येतं, त्याने बाळाची टर्कीही सौम्य होते. एचआयव्ही असेल तर केंद्राच्या डॉक्टरांच्या सल्ल्याने पाजा. तंबाखू सुटला नसला तरी दूध थांबवू नका. आधी पाजा, मग बाहेर जाऊन ओढा, दुधातलं निकोटिन अर्ध्यावर यायला साधारण दीड-दोन तास लागतात. हात धुऊन, वरचा कपडा बदलून मगच बाळ घ्या. मिश्रीचं बोट बाळाच्या हिरडीला कधीही लावू नका, अगदी आजीने सांगितलं तरी.

रात्री बाळाला पाठीवर, शेजारीच पण वेगळ्या अंथरुणावर झोपवा. तंबाखू वापरणाऱ्या आणि गोळीने डुलकी लागणाऱ्या आईच्या कुशीत झोपलेलं बाळ झोपेतच दगावण्याचा धोका बराच वाढतो.

बाळंतपणाला माहेरी जायचंय. गोळीचं काय?

निघायच्या महिनाभर आधी केंद्रात सांगा. माहेराजवळचं केंद्र शोधून तिथल्या डॉक्टरांशी बोलणं आणि पत्र मिळणं यात वेळ जातो. आणि माहेरच्या मिश्रीचीही तयारी ठेवा. दुपारी ओट्यावर आई, काकू, शेजारणी डबी फिरवतात आणि "बाळंतिणीला एवढंसं काय होतंय" म्हणून पुढे करतात. आईला आधीच फोन करून सांगा की डबी माझ्यासमोर नको.

नाशिकमध्ये कुठे विचारायचं?

त्र्यंबक रोडवरच्या जिल्हा रुग्णालयात प्रसूती, मानसिक आरोग्य आणि तंबाखू सोडवण्याचं समुपदेशन या तिन्हींची चौकशी एकाच फेरीत करा. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांत चौथ्या महिन्यापासूनच्या गरोदर बायकांची मोफत तपासणी असते. सरकारी रुग्णालयात बाळंतपण, सिझेरियन आणि आजारी बाळाचा वर्षभराचा उपचार मोफत आहे. फोनवर मदत हवी असेल तर तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६, व्यसनमुक्तीसाठी १४४४६, आणि मन फार खचलं असेल तर टेली-मानसचा १४४१६.

सोडून दीड महिना झाला होता, काल भांडणानंतर दोन ओढल्या. सगळं वाया गेलं का?

नाही. दीड महिना बाळाला जे मिळालं ते मिळालं. उरलेलं पाकीट आत्ता टाका, तारीख नव्याने ठरवू नका, आजचाच दिवस धरा. भांडण कशावरून झालं आणि त्या वेळी जवळ बिडी कुठून आली, हे दोन प्रश्न उद्या केंद्रात सिस्टरसमोर मांडा. गोळी नेहमीच्या वेळी घ्या.